काजवालीनं सोडलेली कादंबरी

कोट शिवायच्या त्या कारखान्यात खाली मशिनी आणि वर हात, अशी वाटणी होती. खाली एवढा कालवा की शेजारच्याला शिंक आली तरी त्याच्या खांद्यांवरूनच कळायची. वर मात्र सुई पडली तरी ऐकू यायची, आणि ती रोज पडायचीच. लांबट खोली, एका अंगाला खिडक्या, खिडक्यांखाली बाक आणि बाकावर मांडीवर कोट घेऊन बसलेल्या बायका. कुणी अस्तर टाचतेय, कुणी तुरपाई करतेय, कुणी बटणं लावतेय. काजं करायला मात्र एकच, म्हणून तिचं नावच काजवाली पडलं. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं.

हातकामाची एक खोड असते. त्यात डोळे गुंततात, बोटं गुंततात, पण कान मोकळे राहतात. आणि मोकळ्या कानात भांडण शिरतं. म्हणून कुण्या जुन्या मास्तरानं त्या खोलीत वाचायची रीत घालून दिली होती. एकीनं खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पुस्तक वाचायचं, बाकीच्यांनी तिच्या वाटचं काम आपसात वाटून घ्यायचं. रीतीला नियम होते, आणि लिहिलेले नव्हते म्हणून जास्तच पक्के होते. एक पुस्तक, एक वाचणारी. पुस्तक संपलं की खुर्ची पुढचीला. वाचन चालू असताना बोलायचं नाही, काय बोलायचं ते दुपारच्या सुट्टीत. वाचणारीनं पुढची पानं चोरून बघायची नाहीत. आणि जिनं पुस्तक अर्ध्यात सोडलं, तिची पाळी कायमची गेली. हा शेवटचा नियम उगीच नव्हता झाला. मागं एक चंचल बाई होती, तिनं लागोपाठ तीन पुस्तकं अर्ध्यात टाकली. पंगतीला बसायचं आणि पान वाढायच्या आत उठायचं, असं त्या वर्षी सगळ्यांचं झालं. तेव्हापासून बायकांनी कानाला खडा लावला.

काजवालीची पाळी आली तेव्हा तिची दोन बोटं गेलेली होती.

गेलेली म्हणजे तुटली नव्हती. उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, सुई धरायची ती नेमकी दोन्ही, सांध्यात सुजून बसली होती. सकाळी तर नांगराच्या मुठीसारखी. कोटाचं काज म्हणजे आधी कापडाला चीर द्यायची, चिरेच्या कडेला जाड दोरा धरायचा आणि त्या दोऱ्यावरून रेशमाचे टाके घालत जायचं, एकेका टाक्याला एकेक गाठ, सगळ्या गाठी एका रेषेत. तिची काजं बघायला खालच्या मशिनीवरची माणसं वर यायची, एवढं तिचं नाव होतं. आणि आता सुई धरली की ती बोटातून अशी निसटे, जशी ओल्या हातातून मासळी. काही महिने तिनं कसंबसं निभावलं. सकाळी सगळ्यांच्या आधी यायची, गरम पाण्यात हात बुडवून ठेवायची, आणि कुणी आलं की कप विसळत असल्यासारखं करायची. जी काजं पूर्वी ती सहज उरकायची, तीच आता घाम काढत होती.

हे कुणाला सांगायचं? मास्तरला? मास्तर म्हणजे कापड बेतणारा, खालीवर दोन्हीचा मुख्य. माणूस वाईट नव्हता. पण आदल्या वर्षी डोळ्यांनी अधू झालेल्या एका बाईला त्यानं "आता घरी आराम करा" म्हणून पाठवलं होतं. फार गोड बोलला होता. काजवालीला त्या गोडीचीच धास्ती होती.

कारण घरी आराम करायला जागा कुठं होती? दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सून शाळेच्या मुलांची शिकवणी घ्यायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तोवर सासू-सासऱ्यांनी स्वयंपाकघरात दार ओढून बसायचं, भांडं वाजवायचं नाही, खोकला आला तर तोंडाला फडकं लावायचं. सुनेचंही चुकत नव्हतं, घर तिच्या शिकवणीवरच उभं होतं. नवरा बसडेपोतून निवृत्त झालेला. उतारावर बसचा ब्रेक गेला आणि त्यानं ती कशी आवरली, ही त्याच्या आयुष्यातली एकुलती एक गोष्ट, आणि ती तो आता कुजबुजत्या आवाजात सांगायचा. बंद दाराआड, स्टोव्हशेजारी, दिवसभर. काजवाली त्या उतारावरून एवढ्यांदा उतरली होती की तिला वळणंही पाठ झाली होती.

तेव्हा खुर्ची आली ती तिला सुटकेसारखी वाटली. खुर्चीत बसायचं म्हणजे सुई नको. पुस्तक जेवढं मोठं, तेवढी खुर्ची मोठी. ती कोपऱ्यावरच्या वाचनालयात गेली आणि सरळ म्हणाली, "तुमच्याकडचं सगळ्यात जाड काय आहे?"

ग्रंथपालानं चष्म्यावरून पाहिलं. "कशावर हवंय?"

"कशावरही. जाड हवं."

त्यानं खालच्या फळीवरून उशीएवढी एक कादंबरी काढली, फुंकर मारली. "ही न्या. ही फार लवकर परत येते."

तिला वाटलं, लोक एका दमात वाचून काढत असतील. माणसाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं.

सुरुवात तर झकास होती. एका मोठ्या घरातली धाकटी मुलगी सकाळी उठून विहिरीवर जाते, आणि परत येत नाही. घागर काठावर तशीच, चपला तशाच. पहिल्या दिवशी खोलीत असा सन्नाटा की बटणवालीनं एकाच भोकातून दोनदा सुई काढली. ही बटणवाली म्हणजे काजवालीची नणंद, बाकावर तिच्या शेजारीच बसायची. जिभेला धार, मन वाईट नव्हे, पण तोंड उघडल्याशिवाय ते कळायचं नाही आणि तोंड उघडल्यावर कळूनही उपयोग नसायचा. तीसुद्धा जाताना म्हणाली, "वहिनी, बरं उचललंस गं. उद्या लवकर सुरू कर."

दुसऱ्या दिवशी मुलीचा भाऊ खिडकीत बसला.

तो बसला तो बसलाच. बाहेर बघतो, घराचा विचार करतो, लहानपणाचा विचार करतो, विचार का येतात याचा विचार करतो. मधेच एक काका आजारी पडतो, त्याला ताप येतो, उतरतो. चिंचेच्या झाडाची सावली भिंतीवर सरकते ते चार पानं. मुलीला कुणी शोधायला जात नाही. पोलीस नाही, शेजारी नाही, आईसुद्धा रडून झाल्यावर दूध तापवायला आत जाते ती बाहेर येत नाही.

अस्तर टाचणारी म्हातारी, जिला सगळ्या आजी म्हणत, रोज दुपारच्या सुट्टीत डबा उघडताना विचारायची, "सापडली का पोरगी?"

"अजून नाही, आजी."

"सापडेल. एवढं जाड पुस्तक आहे, सापडल्याशिवाय कसं राहील?"

पंधरवडा झाला, महिना झाला. खोलीला जांभयांची साथ आली. एकीनं दिली की दुसरीला, दुसरीची तिसरीला, आणि पार दारापर्यंत जाऊन परत. तुरपाईचे टाके तिरके पडायला लागले. मास्तर कोट उलटा करून बघायचा आणि विचारायचा, "हे टाके आहेत की मुंग्यांची रांग?" पण वाचणारीला कुणी बोलायचं नाही हा रिवाज. आणि शिवाय प्रत्येकीला वाटायचं, आपल्यालाच कळत नसेल, बाकीच्यांना कळत असेल. पुस्तक जाड, भाषा जड, म्हणजे काहीतरी असणारच. आडात असेल म्हणून पोहरा सोडत राहायचा, आणि रिता आला की दोराच तोकडा म्हणायचं.

काजवालीलाच एकटीला ठाऊक होतं की आडात पाणी नाही. कारण तिनं शेवट बघितला होता.

नियम मोडला होता खरा. एका दुपारी सगळ्या हात धुवायला गेल्या असताना तिनं शेवटचं पान उघडलं. भावानं उठून खिडकी लावली, एवढंच होतं. मग त्याच्या आधीचं, त्याच्या आधीचं. मुलीचं नाव पुस्तकाच्या अर्ध्यानंतर एकदाही आलेलं नव्हतं. लिहिणारा तिला विहिरीवर ठेवून विसरून गेला होता, जशी एखादी बाई बाजारात छत्री विसरते.

आता काय करायचं? पुस्तक मिटावं तर खुर्ची जाते. खुर्ची गेली की हातात सुई येते. सुई आली की मास्तर गोड बोलतो. आणि वाचत राहावं तर रोज दिवसभर आपल्याच तोंडानं ते सगळं म्हणायचं. ऐकणारीला निदान डुलकी घेता येते. वाचणारीला प्रत्येक शब्द जिभेवरून न्यावा लागतो. "तो शून्यात पाहत राहिला" हे वाक्य तिच्या तोंडून इतक्यांदा गेलं की रात्री नवरा ब्रेकची गोष्ट सांगायला लागला की तीही शून्यात पाहत राही. बाहेरून खुर्ची, आतून पिंजरा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तिचा तर उघड्या तोंडानं चालला होता.

आणि तरी ती पुस्तक लांबवत होती.

आधी हळू वाचून पाहिलं. मग खोकून पाहिलं. मग एका सकाळी खुणेसाठी ठेवलेली कापडाची पट्टी पानांतून खाली पडली, आणि तिनं ती उचलून नुसती अंदाजानं ठेवली. वाचायला लागली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, हे आपण गेल्या आठवड्यात वाचलंय. भाऊ खिडकीत, चिंचेची सावली भिंतीवर. तिनं वर बघितलं. बायका शिवत होत्या. कुणी मान उचलली नाही. ती पुढं वाचत गेली. एकीलाही कळलं नाही.

त्या दिवसापासून तिनं पट्टी मागं सरकवायला सुरुवात केली. दोन पावलं पुढं, दीड पाऊल मागं. पुस्तक संपतच नव्हतं, आणि संपवायचंच नव्हतं. एकदाच गडबड झाली. काका तापानं फणफणला तशी नणंदेची सुई थांबली. सुट्टी झाल्यावर तिनं विचारलं, "वहिनी, याला परवाच ताप येऊन गेला ना?"

"उलटला," काजवाली म्हणाली.

"असं होय." नणंदेनं डब्याचं झाकण लावलं. "औषध अर्ध्यात सोडलं असणार मेल्यानं."

आजी म्हणाली, "पोरीचं दुखणं घेतलंय त्यानं. तिला आणा म्हणावं, ताप आपोआप उतरेल."

त्यावर काजवालीला हसू यायला हवं होतं. आलं नाही. घास तोंडात फिरत राहिला. ही म्हातारी एवढ्या दिवसांत एकदाही डुलकी न घेता ऐकत होती, अस्तराचा एकेक टाका घालत त्या पोरीच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. आणि ती पोरगी येणार नाही, हे सांगायचं तोंड काजवालीचंच होतं. तेच तोंड रोज दुपारी म्हणत होतं, अजून नाही.

पुढची पाळी तुरपाईवालीची होती. काजवाली खुर्चीत असेतो काजं हीच जमतील तशी करायची, आणि हिच्या वाटची तुरपाई बाकीच्या. ही बाई बोलायची कमी आणि थांबायची जास्त. खोलीत सगळ्यात मागून आलेली, म्हणून पाळीही शेवटची. तिनं केव्हापासून आपलं पुस्तक आणून ठेवलं होतं, बसायच्या गादीखाली, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. खुनाची गोष्ट होती म्हणे. ती स्वतः वाचत नव्हती, वर खोलीत वाचायचं म्हणून राखून ठेवली होती. दिवसभर त्या पुस्तकावर बसून ती दुसरं पुस्तक ऐकायची.

एका संध्याकाळी जिन्यात तिनं काजवालीला गाठलं.

"ताई, एक विचारू? रागावू नका."

"विचार की."

"अजून किती राहिलंय?"

काजवालीनं कठडा धरला. "का गं? कंटाळलीस?"

"छे, चांगलं आहे. खोल आहे." तुरपाईवालीनं चप्पल सारखी केली. "तसं नाही. आमच्या ह्यांची बदली झालीय. महिनाअखेरीला निघायचं. तिकडं असं वाचतात की नाही कोण जाणे. मला वाटलं होतं, एकदा बसावं त्या खुर्चीत. शाळेत बाई मला उभं करून वाचायला लावायच्या. लग्नानंतर मोठ्यानं असं काही वाचलंच नाही, औषधाच्या बाटलीवरचं सोडून."

"बरंच राहिलंय," काजवाली म्हणाली. हे खोटं नव्हतं, कारण पट्टी तिनं त्याच दिवशी मागं नेली होती.

"असू दे मग," तुरपाईवाली म्हणाली, आणि उतरून गेली. कुरकुर केली असती, टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. नणंदेसारखी असती तर काजवालीनं तिलाही उलटं सुनावलं असतं आणि रात्री झोपली असती. पण "असू दे" ला काय उत्तर देणार? ते अंगाला चिकटून घरापर्यंत आलं.

घरी दार ओढलेलं. बाहेर मुलं पाढे म्हणत होती. नवऱ्यानं कुजबुजत विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." मग तिनं डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करून पाहिली. सरळ होत नव्हती. तिला एवढंच कळत होतं की आपण एका बाईच्या पाळीवर बसलोय, आणि उठलो तर परत बसायला जागा नाही. ना खुर्चीत, ना बाकावर, ना या घरात.

पुढचे काही दिवस ती वाचत राहिली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तुरपाईवालीनं परत विचारलं नाही. पण तिच्या गादीखालच्या पुस्तकाची एक कड बाहेर आलेली असायची, आणि वाचता वाचता पान उलटताना काजवालीची नजर नेमकी त्याच कडेवर जायची.

मग एक दिवस, सकाळचीच वेळ, भाऊ पुन्हा खिडकीत बसला. चिंचेची सावली भिंतीवर आली. काजवालीनं वाचलं, "तो शून्यात" आणि पुढचे शब्द तिच्या तोंडून निघेचनात. पाठ होते, पानावर छापलेले होते, तरी निघेनात. जिभेनंच नकार दिला, जसा बैल एखाद्या दिवशी वाटेत बसतो आणि मग मारा, शेपूट पिरगळा, उठत नाही.

खोलीत सगळ्यांच्या सुया थांबल्या. वाचन थांबलं की आधी तेच होतं.

"पाणी देऊ का?" नणंद म्हणाली.

काजवालीनं पुस्तक मिटलं. पट्टी आत ठेवली नाही. "हे पुस्तक वाईट आहे," ती म्हणाली. "मी सोडते."

ती जे म्हणाली त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. आजीनं अस्तर मांडीवर ठेवलं.

"आणि पोरगी?"

"सापडत नाही, आजी. मी शेवट बघितला."

"मेली?"

"मेली नाही, जगली नाही. लिहिणारा तिला विसरला. पुढं नावच नाही तिचं."

आजी म्हणाली, "माझ्या मोठ्या बहिणीचं असंच झालं होतं. पण आम्ही शोधलं तरी होतं." आणि तिनं अस्तर उचलून पुढचा टाका घातला. यापुढं ती त्या पुस्तकाबद्दल कधी बोलली नाही.

नणंदेचा मात्र पारा चढत होता. "थांब थांब. शेवट कधी बघितलास?"

"झाले बरेच दिवस."

"बरेच म्हणजे? काकाच्या तापाच्या आधी?"

"आधी."

"कुठल्या तापाच्या?"

"दोन्ही एकच ताप होता," काजवाली म्हणाली. "मी पानं मागं घेत होते."

आता बाकावर कुजबुज सुरू झाली. नणंद उठून उभी राहिली, कोट तसाच हातात. "म्हणजे आम्ही तुझ्या वाटचं काम वाटून घेतोय, बोटांची चाळण करून घेतोय, आणि तू आम्हाला त्याच त्या पानांवर फिरवतेस? घाण्याचे बैल आहोत आम्ही? अगं, घाण्याच्या बैलाच्या निदान डोळ्यांना झापड असते, आम्ही उघड्या डोळ्यांनी फिरलो. का केलंस असं? काय मिळालं तुला?"

काजवाली उठली. खुर्चीतून बाकापर्यंत चार पावलं नसतील. ती आपल्या जुन्या जागी बसली, नणंदेच्या शेजारी, आणि हात पुढं केला.

"दे कोट."

कोट काळा होता, जाड लोकरीचा. चीर आधीच दिलेली होती. तिनं सुई घेतली. दोरा ओवायला दोनदा चुकला, तिसऱ्यांदा आजीनं न बोलता ओवून दिला. पहिला टाका घातला. गाठ बसेना. सुई कापडात रुतली ती बाहेर ओढता येईना, अंगठा जोर धरीना. तिनं दातांनी सुई ओढली. दुसरा टाका पहिल्यापासून एवढा लांब पडला की मधून बोट गेलं असतं. तिसऱ्याला सुई पडली.

सगळ्या बघत होत्या. नणंद उभीच होती. तिनं वाकून सुई उचलली, काजवालीचा हात धरून उजेडाकडे वळवला आणि सांध्यांवरून अंगठा फिरवला. काजवालीनं दात आवळले.

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं."

"माझ्या भावानं सांगितलं नाही मला."

"त्यालाही माहीत नाही."

"त्याला काय माहीत असणार म्हणा. त्याची बस अजून उतारावरच आहे." नणंदेनं तिचा हात सोडला, हळू नाही, पण आपटूनही नाही. "तोंड होतं ना तुला? दिवसभर दुसऱ्याचं लिहिलेलं बडबडायला होतं, हे सांगायला नव्हतं?"

काजवालीनं हात पदराखाली घेतला.

दुपारी मास्तर वर आला. कुणी सांगितलं कोण जाणे, खोलीत भिंतींनाही कान असतात आणि जिन्याला तोंड. त्यानं तो काळा कोट हातात घेतला, काज बघितलं, आणि कोट नीट घडी घालून बाकावर ठेवला. हा एवढा जपून वागतोय म्हणजे आता गोड बोलणार, हे काजवालीनं ओळखलं.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या हातची काजं मी माझ्या लग्नाच्या कोटाला घेतली होती."

"हो."

"आता जरा आराम..."

"कच्चे टाके कोण काढतं सध्या?" नणंद मधेच म्हणाली.

कच्चे टाके म्हणजे शिवायच्या आधी कापड एकावर एक धरून ठेवायला घातलेले लांब दोरे. कोट तयार झाला की ते उसवून ओढून काढायचे असतात. नवीन आलेल्या बाईला पहिल्या दिवशी हेच काम देतात, कारण त्यात बिघडवायला काही नसतं. ते काम डाव्या हातानंही होतं.

मास्तरनं नणंदेकडे पाहिलं. "काजं कोण करणार मग? तुरपाईवाल्या बाई तर चालल्या."

"मी करते."

"तुम्हाला येतात?"

"बटणाला भोक लागतं हे माहीत आहे. बाकीचं शिकेन."

मास्तरनं हनुवटी खाजवली. "महिनाअखेरीपर्यंत बघू," तो म्हणाला, आणि गेला. गोड बोलला नाही, तेवढं एक बरं.

दुसऱ्या सकाळी काजवाली दाराशेजारच्या स्टुलावर बसली. वारा तिथं थेट पाठीवर यायचा. तयार कोटांचा ढीग डाव्या अंगाला, उसवलेल्या पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता पायाशी. जिथून तिनं सुरुवात केली होती तिथंच ती येऊन बसली होती, फक्त मधे सगळं आयुष्य गेलं होतं. कुणी तिच्याशी वाकडं बोललं नाही, सरळही फारसं नाही. बायका फसवलेलं विसरत नाहीत, फक्त आटोपतं घेतात.

तुरपाईवाली खुर्चीत बसली. कव्हर काढून तिनं घडी करून मांडीवर ठेवलं आणि पुस्तक उघडलं. खून पहिल्याच पानावर झाला. ती अडखळत वाचायची, स्वल्पविरामाला पूर्ण थांबायची आणि पूर्णविरामावरून तशीच पुढं जायची, त्यामुळं मेलेल्या माणसानंच पुढच्या वाक्यात दार उघडलं असं ऐकू आलं. पण बाकावर एकही जांभई नव्हती. काजवालीसुद्धा दोरा ओढता ओढता थांबली होती.

नणंदेचं पहिलं काज दुपारच्या आतच बिघडलं. ते काज नव्हतं, डुकराचा डोळा होता. तिनं ते उसवलं, परत केलं, परत उसवलं. कापडाच्या कडा सुटायला लागल्या. मग ती उठली, कोट घेऊन दाराशी आली आणि तो काजवालीच्या मांडीवर टाकला.

"सांग," ती खाली आवाजात म्हणाली. "हातानं नाही, तोंडानं."

काजवालीनं कोट उजेडाकडे धरला. "जाड दोरा ढिला सोडलास," ती कुजबुजली. "तो आधी ताणून धरायचा, डाव्या..."

खुर्चीतून आवाज आला. "ताई, वाचताना बोलायचं नाही."

तुरपाईवाली पुस्तकावरून बघत होती. आवाज मऊच होता, पण खुर्चीतला होता. खुर्चीतून असं किती वेळा आपण म्हटलंय, ते काजवालीला आठवलं आणि तिनं ओठ मिटले. नणंद तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि तिथंच, दाराशी, जमिनीवर बसली. सुट्टी व्हायला अजून अवकाश होता. बिघडलेलं काज दोघींच्या मधे उघडं पडलं होतं, आणि काय चुकलंय हे काजवालीच्या जिभेच्या टोकावर होतं. तिनं डाव्या हातानं पुढचा कोट ओढला आणि कच्चा दोरा उसवायला घेतला. खोलीत मेलेल्या माणसाची बायको नुकतीच जिना उतरू लागली होती.